उत्तरकथा आणि वाचकाचा न्याय

इसवी सन १८०९ च्या अखेरीस मराया ग्रॅहम नावाची चोवीस वर्षांची एक इंग्रज स्त्री मुंबईहून निघाली आणि पनवेल, खोपोली, बोरघाट या मार्गाने, कार्ल्याची लेणी पाहात, पुण्यास गेली. घाटातून गाड्या जाण्याजोगा पक्का रस्ता १८३० साली खुला झाला. तोपर्यंत हा प्रवास मेण्यातून, घोड्यावरून किंवा पायी करावा लागे, आणि आज ज्यास आपण खालापूर तालुका म्हणतो त्या सपाटीवर विसावा घेऊनच घाटाला तोंड द्यावे लागे. घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस, नाना फडणवीसांनी बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. मरायाने आपली हिंदुस्थानातील रोजनिशी १८१२ साली एडिंबरो येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्या वर्षी ती हा घाट चढली त्याच वर्षी इंग्लंडातील चॉटन या खेड्यात तिच्याहून दहा वर्षांनी वडील अशी एक अविवाहित स्त्री, आई आणि बहीण यांच्यासह नव्याने बिऱ्हाड थाटून, आपली जुनी हस्तलिखिते पुन्हा हाती घेत होती. तिचे नाव जेन ऑस्टिन.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज बुद्धिभ्रंशामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरला तेव्हा त्याच्या थोरल्या पुत्राने १८११ च्या फेब्रुवारीपासून १८२० च्या जानेवारीपर्यंत राजप्रतिनिधी या नात्याने कारभार पाहिला. या नऊ वर्षांस इंग्रज ‘रीजन्सी’ म्हणतात. धन्याच्या नावाने दुसऱ्याने दौलत सांभाळावी हा प्रकार मराठी वाचकास अपरिचित नाही, कारण सवाई माधवरावांच्या बालपणी बारभाईंनी, आणि पुढे प्रामुख्याने नानांनी, तेच केले होते. ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या या राजप्रतिनिधीच्या अमदानीत प्रकाशित झाल्या. त्यांपैकी शेवटच्या दोन तिच्या मृत्यूनंतर. १८ जुलै १८१७ रोजी ती वारली, आणि त्यानंतर चार महिने लोटण्याच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई होऊन पेशवाईचा अंत दृष्टिपथात आला.

सहा कादंबऱ्यांवर लेखणी थांबली. वाचकांची तृष्णा मात्र थांबली नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील एलिझाबेथ आणि डार्सी यांचा विवाह झाला, पण त्यांचा संसार कसा झाला? ‘पर्स्वेशन’मधील ॲनने आठ वर्षे वाट पाहून मिळविलेला नाविक पुढे पुन्हा युद्धावर गेला काय? मूळ लेखिकेने जेथे पडदा टाकला तेथून तिचीच पात्रे घेऊन पुढील हकीकत लिहिणारे, मधल्या गाळलेल्या जागा भरणारे, किंवा तीच कथा दुसऱ्या मुलखात आणि दुसऱ्या काळात मांडणारे लेखन आज फॅन फिक्शन या नावाने विपुल झाले आहे. येथे त्यास उत्तरकथा म्हणू. अशा उत्तरकथा वाचून वाचक कशाने सुखावतात, कशाने संतापतात आणि त्यांच्या संतापामागे कोणता न्याय असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे प्रतिपाद्य असे की, प्रसंगांच्या बदलास वाचक मोकळेपणाने मुभा देतो, स्वभावाच्या बदलास देत नाही. आणि मूळ कथेत ज्यांच्या वाट्यास शब्दच आले नाहीत त्यांना जी उत्तरकथा बोलते करते, तिला तो अखेर सर्वांत वरचे आसन देतो. या न्यायाची ओळख मराठी वाचकास रामायण-महाभारताच्या शेकडो पुनःकथनांनी फार पूर्वीच करून दिली आहे.

उत्तरकथेचा आरंभ खुद्द ऑस्टिनच्याच घरात झाला. तिच्या भाच्याने पुढे लिहिलेल्या चरित्रात अशी नोंद आहे की, भाचरांनी विचारले असता ती आपल्या पात्रांचे पुढे काय झाले हे आनंदाने सांगत असे: एलिझाबेथच्या बहिणींपैकी, म्हणजे बेनेट भगिनींपैकी, किटी पुढे डार्सीच्या पेंबर्लीजवळच्या एका धर्मोपदेशकाची पत्नी झाली, आणि मेरीला मात्र फिलिप्स काकांच्या कचेरीतील एका कारकुनावर समाधान मानावे लागले; एमाच्या विवाहानंतर तिचे वडील सुमारे दोन वर्षे हयात होते आणि तोवर त्या जोडप्यास स्वतःच्या घरी जाऊन राहता आले नाही. याहून हृद्य नोंद तिच्या १८१३ च्या मे महिन्यातील एका पत्रात आढळते. लंडनच्या एका चित्रप्रदर्शनात ती जेन बेनेटचे, म्हणजे आता सौभाग्यवती बिंगलीचे, चित्र शोधीत हिंडली आणि तिला ते सापडलेही. पण एलिझाबेथशी मिळताजुळता चेहरा कोठेच दिसला नाही, तेव्हा डार्सीला पत्नीचे चित्र लोकांच्या दृष्टीस पडू देणे रुचले नसावे, असा तर्क तिने बहिणीला लिहून कळविला. ज्या लेखिकेच्या मनात तिची पात्रे पुस्तक मिटल्यानंतरही अशी नांदत होती, तिच्या वाचकांनी त्यांची पुढील वास्तपुस्त करावी यात नवल ते कोणते?

वाचकांच्या प्रतिक्रियांचा पहिला दस्तऐवजही तिनेच सिद्ध केला. ‘मॅन्सफील्ड पार्क’ आणि ‘एमा’ या कादंबऱ्यांविषयी नातलगांनी व परिचितांनी व्यक्त केलेली मते तिने स्वहस्ते उतरवून ठेवली, आणि तो कागद आज उपलब्ध आहे. आपल्या आईला ‘मॅन्सफील्ड पार्क’ची नायिका फॅनी नीरस वाटली, हे तिने जसेच्या तसे लिहिले. एका भाचीला शेवट पसंत पडला नाही. नायक-नायिकेत अधिक प्रेम दाखवावयास हवे होते असे तिचे म्हणणे, आणि एडमंडसारखा विचारी पुरुष मेरी क्रॉफर्डसारख्या निष्ठाहीन स्त्रीवर इतका भाळावा हे तिला अस्वाभाविक वाटले. एका गृहस्थाने ‘एमा’चे केवळ पहिले आणि शेवटचे प्रकरण वाचले, कारण पुस्तक रंजक नाही असे त्याच्या कानांवर आले होते, उलट एडिंबरोच्या एका मातब्बर टीकाकाराची तीन रात्रींची झोप त्या पुस्तकाने उडविली. या टिपणात कोठेही समर्थन नाही की खंडन नाही. भाचीच्या आक्षेपाकडे मात्र पुन्हा पाहावे. एडमंड असा वागणार नाही, असे ती प्रत्यक्ष एडमंडच्या निर्मात्रीला सांगत आहे. म्हणजे पात्र एकदा वाचकाच्या मनात रुजले की त्याच्या स्वभावावर लेखकाचाही एकट्याचा अधिकार उरत नाही.

पुढे हा व्यवहार ग्रंथरूपास आला. ऑस्टिनच्या नाविक भावाची मुलगी कॅथरिन हबॅक ही आत्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली. तिने आत्याच्या ‘द वॉटसन्स’ या अपूर्ण कथेचा आधार घेऊन १८५० साली ‘द यंगर सिस्टर’ ही तीन खंडांची कादंबरी लिहिली. सिबिल ब्रिंटन या लेखिकेने १९१३ मध्ये सहाही कादंबऱ्यांतील पात्रे एकाच कथानकात आणून त्यांच्यात नवी लग्ने जुळविली. ज्या मेरी क्रॉफर्डला मूळ लेखिकेने सुख दिले नव्हते तिची गाठ तिने डार्सीच्या मामेभावाशी, कर्नल फिट्झविल्यमशी, घालून दिली. जॉर्जेट हेयर हिने १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून त्याच काळावर स्वतंत्र कथा रचून रीजन्सी प्रणयकथेचा संप्रदायच घातला. तिचे वाचक किती जागरूक होते याची साक्ष १९५० सालच्या एका घटनेत मिळते. दुसऱ्या एका लोकप्रिय लेखिकेच्या कादंबऱ्यांत हेयरची नावे, प्रसंग आणि शब्दप्रयोग उचललेले आहेत, ही वर्दी तिला प्रथम एका वाचकाच्या पत्राने मिळाली; आणि पुस्तके तपासून पाहिल्यावर हेयरला उचलेगिरीइतकाच राग त्या काळाच्या भाषेची जी मोडतोड झाली होती तिचा आला.

या दोन साक्षींवरून वाचकांच्या तक्रारींचे स्वरूप ध्यानात येते. पहिली तक्रार रीतिभातीच्या प्रमादाची असते. ऑस्टिनच्या इंग्लंडात पत्नी चारचौघांत पतीचा उल्लेख आडनावाने आणि आदराने करी. त्यामुळे एखाद्या उत्तरकथेत एलिझाबेथ भर मेजवानीत डार्सीला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारू लागली की जाणता वाचक दचकतो. ज्या समाजात पतीचे नाव घ्यावयाचे तर उखाण्याचा आडपडदा लागे, त्या समाजातील वाचकास हा दचका निराळा समजावून द्यावा लागत नाही. कालखंडाच्या कथेत बारकाव्यांवर किती श्रम पडतात याचे प्रात्यक्षिक आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ हातनोली येथे कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी उभारलेल्या चित्रनगरीत किल्ले, महाल आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या, आणि ‘जोधा अकबर’सारख्या चित्रपटाचे चित्रण तेथे झाले. तो चित्रपट २००८ साली पडद्यावर आला तेव्हा जो वाद माजला तो तटबंदीविषयी किंवा दागिन्यांविषयी नव्हता; जोधा कोण होती आणि कोणाची कोण होती याविषयी होता. देखाव्यातील चूक प्रेक्षक क्षम्य मानतो. व्यक्तीविषयीच्या प्रश्नावर तो अडून बसतो.

म्हणूनच दुसरी तक्रार, स्वभावभंगाची, हीच खरी गंभीर फिर्याद होय. गुप्तहेरकथांच्या प्रख्यात लेखिका पी. डी. जेम्स यांनी नव्वदी ओलांडल्यावर, २०११ साली, ‘डेथ कम्स टू पेंबर्ली’ लिहून डार्सीच्या वनराईत एक खून घडविला. एलिझाबेथला अशा अमंगळ प्रकरणात गोवल्याबद्दल त्यांनी ग्रंथारंभीच ऑस्टिनच्या आत्म्याची क्षमा मागितली. खून ही घटना ऑस्टिनच्या सृष्टीत सर्वथा परकी, तरीही पुष्कळ वाचकांनी ती पत्करली, कारण त्या रात्री घोडागाडीतून किंचाळत उतरणारी एलिझाबेथची बहीण लिडिया मूळची उथळ लिडियाच होती. एवढी मोठी घटना पचविणारा वाचकच, डार्सी एखाद्या उत्तरकथेत वाचाळ आणि लाघवी झालेला दिसला तर पुस्तक मिटून ठेवतो.

हे रहस्य आपल्याकडे सुमारे अकराशे वर्षांपूर्वी काश्मिरातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त शास्त्र म्हणून मांडून ठेवले आहे. रामायणासारख्या कथांचा रस लोकमानसात आधीच सिद्ध झालेला असतो; तेथे कवीने रसाला विरोधी अशी आपली लहर मिसळू नये, हा त्याचा निषेध. परंतु परंपरागत कथेतीलच एखादा प्रसंग रसाला बाधक होत असेल, तर तो खुशाल गाळावा आणि रसाला पोषक असा नवा प्रसंग कल्पावा, ही त्याने दिलेली मोकळीक. निषेध आणि मोकळीक दोन्ही एका सूत्रातून निघतात, आणि आजच्या कोणत्याही उत्तरकथेची पारख त्या सूत्राने करता येते. कालिदासाचे उदाहरण प्रसिद्धच आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही लोकापवादाच्या भयाने नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी कल्पून त्याला त्या कलंकातून सोडविले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी रंगभूमीवर ‘संगीत शाकुंतल’ आणले तेव्हा प्रेक्षकांनी ज्या शकुंतलेस डोक्यावर घेतले ती कालिदासाची, व्यासांची नव्हे. मूळ कथेची जागा उत्तरकथेने घेतल्याचे इतके निर्विवाद उदाहरण जगाच्या साहित्यात विरळा.

भवभूतीने तर वाचकाची प्रतिक्रियाच नाटकात गोविली. वाल्मीकीची सीता अखेर भूमीच्या उदरात जाते. भवभूतीला तो शेवट सोसला नाही, म्हणून ‘उत्तररामचरिता’त त्याने राम-सीतेचे पुनर्मीलन घडविले. ते ज्या युक्तीने घडविले ती पाहण्यासारखी आहे. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात, आणि प्रेक्षकांत राम स्वतः बसलेला असतो. त्यागानंतर सीतेवर काय गुदरले, हे तो प्रथमच पाहतो. आपण नाटक पाहात आहोत याचे त्याला भान राहात नाही. तो मध्येच बोलू लागतो, रडतो, आणि हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. शेवटी तो मूर्च्छित पडतो आणि खरी सीता त्याच्यापुढे येते. ज्याच्या हातून अन्याय झाला त्यालाच त्या अन्यायाची कथा पाहावयास लावणे, हे उत्तरकथेचे सर्वांत मोठे सामर्थ्य होय. आणि भवभूतीने कथेचा शेवट उलटा केला तरी रामाच्या हृदयातील दुःख आणि सीतेचा मानीपणा यांना तिळमात्र धक्का लागू दिला नाही.

मराठीत ही परंपरा अखंड चालली. एकनाथांनी ‘भावार्थरामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत नेले आणि उरलेला ग्रंथ त्यांच्या गावबा या शिष्याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरांनी ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ रचले आणि चातुर्मासात त्यांच्या पोथ्या घरोघर लागू लागल्या. कर्जत-खालापुरातील गावांत आजही भाताची लावणी उरकली म्हणजे श्रावणात पोथी लागते, आणि पुढे हरिनाम सप्ताहात कीर्तनकार आख्यान लावतात. तेथील श्रोते कथेचा शेवट जाणूनच बसलेले असतात. कीर्तनकाराने आख्यानात आपल्या पदरचा दृष्टांत घातला, संवाद लांबविला, गावच्या पाण्याचा आणि रस्त्याचा उल्लेख केला, तर ते प्रसन्न होतात. पण भरताच्या तोंडी राज्यलोभाचा एक शब्द आला तर म्हातारी माणसे लगेच हरकत घेतील. ऑस्टिनच्या भाचीने जो आक्षेप कागदावर नोंदविला तोच येथे देवळाच्या सभामंडपात तोंडी नोंदविला जातो.

विसाव्या शतकातील मराठी कादंबरीने या न्यायाची कसून परीक्षा पाहिली. वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’त महाभारतातील एका उपाख्यानाची कादंबरी केली, देवयानीच्या शापानंतर मूळ कथेतून निघून जाणाऱ्या कचाला अखेरपर्यंत वावरू दिले, अलकेसारखी नवी पात्रे निर्माण केली, आणि आपण घेतलेल्या स्वातंत्र्याचा खुलासाही ग्रंथास जोडला. शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला त्याच्या स्वतःच्या, कुंतीच्या, शोणाच्या आणि वृषालीच्या मुखाने आत्मवृत्त सांगावयास लावले, आणि मराठी घराघरांत कर्ण हा अन्यायाने नाडलेला नायक म्हणून प्रतिष्ठित झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी महाभारतातील व्यक्तींची कठोर चिकित्सा केली. कर्णाच्या या उदात्तीकरणाने अस्वस्थ झालेल्या दाजी पणशीकरांनी पुढे मूळ संहितेचे दाखले देऊन कर्ण खरा कोण होता हा प्रश्नच स्वतंत्र ग्रंथाद्वारे उभा केला. या वादातील दोन्ही पक्ष स्वभावाविषयीच भांडत होते हे लक्षात घ्यावे. सावंतांच्या चाहत्यांचे म्हणणे असे की व्यासांच्या ओळींत दडलेला खरा कर्ण आता प्रकट झाला. पणशीकरांचे म्हणणे असे की द्यूतसभेत द्रौपदीचा पाणउतारा करणारा कर्ण या प्रकाशात दिसेनासा झाला. अशा जाबसालातून मूळ ग्रंथाचे जितके सूक्ष्म वाचन होते तितके एरवी क्वचितच होते. ज्या दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द इंग्लंडच्या त्या राजप्रतिनिधीच्या काळात संपली, त्याच्याकडेही ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’मध्ये सहानुभूतीने पाहिले, आणि पळपुटा या एका विशेषणाने ज्याचा निकाल लागला होता त्या पेशव्याचा मुकदमा वाचकांपुढे फेरतपासणीस आला.

येथवर पाहिलेला वाचक मूळ कथेचा राखणदार होता. परंतु वाचकाची आणखी एक तऱ्हा आहे, आणि मला ती सर्वश्रेष्ठ वाटते. हा वाचक कथेत स्वतःला शोधतो आणि सापडला नाही तर कथा नव्याने सांगू लागतो. कर्जत-खालापूरच्या माथ्यावर सह्याद्रीपलीकडे मावळ-मुळशीचा मुलूख आहे. तेथील स्त्रियांनी पहाटे जात्यावर दळताना गाइलेल्या ओव्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आयुष्य वेचून गोळा केल्या, आणि पुढे महाराष्ट्रभर विस्तारलेल्या त्या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यांतील सीतेच्या वनवासाच्या ओव्या वाचाव्यात. तेथे युद्ध जवळजवळ नाही, दरबार नाही. एकटी, गरोदर, रानात सोडलेली बाई आहे, आणि तिच्या सोबतीला बोरी-बाभळी आहेत. दळणारीने सीतेचा स्वभाव बदलला नाही. सीतेच्या दुःखाकडे जेथून कोणी पाहिले नव्हते तेथून तिने पाहिले. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी राहणाऱ्या कातकरी समाजाची जी परंपरागत उत्पत्तिकथा जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे, तीत हा समाज लंकेवर चालून गेलेल्या रामाच्या वानरसेनेशी आपले नाते सांगतो. ज्यांना जमीन-जुमल्याच्या दप्तरात जागा मिळाली नाही त्यांनी महाकाव्यात आपली जागा, आणि तीही पराक्रमाच्या पक्षात, स्वतः सांगून घेतली. वाचनाचा याहून उन्नत प्रकार मला ठाऊक नाही.

ऑस्टिनच्या उत्तरकथांतही जे टिकाऊ आहे ते याच वाटेने आलेले दिसते. एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटण्यासाठी तीन मैल चिखल तुडवीत जाते आणि तिच्या परकराला सहा इंच चिखल लागतो, हा मूळ कादंबरीतील नामांकित प्रसंग. तिच्या स्वतंत्र बाण्याचे चिन्ह म्हणून दोनशे वर्षे वाचकांनी त्याचे कौतुक केले. जो बेकर या लेखिकेने २०१३ च्या ‘लाँगबोर्न’ या कादंबरीचा आरंभ धुण्याच्या दिवसापासून केला. थंडीने हात फुटलेली सेरा नावाची मोलकरीण बेनेट भगिनींचे कपडे घाशीत असते, आणि हे परकर जर एलिझाबेथबाईंना स्वतः धुवावे लागते तर त्या जरा जपून चालल्या असत्या, असा विचार तिच्या मनात येतो. एलिझाबेथ येथे तसूभरही बदललेली नाही. बदलली आहे ती पाहणाऱ्याची जागा. ज्या घरातील बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची धुणी धुतली आहेत, तिच्या शिकलेल्या मुलीने हे पान वाचले तर मूळ प्रसंग तिला पुन्हा पूर्वीसारखा वाचता येणार नाही.

आपल्या बाजूने विचारण्याजोगाही एक प्रश्न त्या कादंबऱ्यांत पडून आहे. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तील कर्नल ब्रँडन पलटणीबरोबर पूर्वेकडे, हिंदुस्थानच्या मुलखात, नोकरी करून आलेला आहे, तेथील उष्मा आणि डास यांखेरीज त्याच्यापाशी सांगण्यासारखे काय असणार, अशी थट्टा मरियॅन आणि विलोबी करतात, आणि लेखिकाही त्याच्या तेथील दिवसांविषयी मौन पाळते. तिला हा विषय अगदीच अज्ञात नव्हता. तिची आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली वर शोधण्यासाठी मद्रासेकडे आली होती, आणि त्या आत्याच्या कलकत्त्यास जन्मलेल्या मुलीचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज होता. ब्रँडनच्या पलटणीची छावणी जेथे पडली तेथील रयतेने त्याला कसे पाहिले, हे सांगणारी उत्तरकथा इंग्लंडातील वाचकास सुचणे कठीण. बोरघाटाच्या पायथ्याशी, ज्या वाटेने कंपनीच्या फौजा वर चढल्या त्या वाटेवर राहणाऱ्या वाचकास ती सहज सुचावी.

मुंबईत वाढलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या सोनाली देव यांनी या दिशेने एक वेगळे पाऊल टाकले आहे. २०१९ ते २०२२ या अवधीत त्यांनी ऑस्टिनच्या चार कादंबऱ्या आधाराला घेऊन चार इंग्रजी कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांच्या केंद्रस्थानी राजे हे आडनाव लावणारे, एका भारतीय राजघराण्यातून आलेले, कॅलिफोर्नियातील कुटुंब ठेवले. पहिल्या कादंबरीत त्यांनी स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची अदलाबदल केली: घराण्याचा आणि हुद्द्याचा अभिमान वाहणारी शल्यविशारद तृशा राजे ही डार्सीच्या जागी आहे, आणि स्वाभिमानी एलिझाबेथच्या जागी डी. जे. केन हा आचारी आहे. घटना, देश, काळ, लिंग, वर्ण, सर्व बदलले. तरी कथा ओळखू येते, कारण अभिमानाने आंधळे झालेले मन आणि पूर्वग्रहाने दुखावलेले मन यांची टक्कर तशीच राहिली. सोयरिकीत घराण्याची बरोबरी पाहणाऱ्या समाजाला ही टक्कर किती जवळची आहे हे सांगावयास नको. आनंदवर्धनाने दिलेली मोकळीक एवढी ताणूनही सूत्र तुटले नाही, याचे श्रेय लेखिकेच्या स्वभावज्ञानास द्यावे लागेल.

यावरून उत्तरकथा वाचणाऱ्याने स्वतःपाशी दोन प्रश्न ठेवावेत असे मला वाटते. या व्यक्तीचा मूळ स्वभाव लेखकाने ओळखला आहे काय, हा पहिला. आणि मूळ कथेत ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही असे काही त्याने मला दाखविले काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले तर राग यावा, तो यथायोग्य आहे. पहिल्याचे होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी आले तर पुस्तक करमणुकीपुरते ठीक. दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर मात्र ते पुस्तक मूळ ग्रंथाच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेचे समजावे, मग ते कोणी का लिहिलेले असेना.

आपल्या तालुक्यांतील वाचनालयांना आणि शाळांना माझी एक सूचना आहे. ‘मृत्युंजय’ आणि पणशीकरांचा ग्रंथ, ‘शाकुंतल’ आणि महाभारतातील शकुंतलोपाख्यान, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणि ‘लाँगबोर्न’, असे जोडग्रंथ एकत्र वाचावयास द्यावेत, आणि वाचणाऱ्यांची मते, ऑस्टिनने लिहून ठेवली तशी, प्रशंसा व निंदा यांत भेद न करता, एका वहीत उतरवून घ्यावीत. पोथीतील भरताविषयी हरकत घेणाऱ्या आजोबांचे आणि पहाटेची लोकल धरून मुंबईस कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या नातीचे मत त्या वहीत शेजारी शेजारी पडले, तर दोघांनाही कळेल की ते एकाच कसोटीवर कथा घाशीत आहेत. टीकाशास्त्र विद्यापीठात शिकविले जाते हे खरे. पण त्याचा कच्चा माल अशा हरकतींतूनच येतो, आणि जो समाज आपल्या आवडत्या पात्रांसाठी पुराव्यानिशी भांडू शकतो त्याला चांगला लेखक मिळण्यास उशीर लागत नाही.